मशिदीचे घड्याळ मागे का पडते?

नमाज ही वेळेशी बांधलेली फर्ज आहे. म्हणूनच जुन्या काळी मोठ्या मशिदींत वेळ सांगणारा ‘मुवक्कित’ नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हे थोर खगोलशास्त्रज्ञ हेच काम करत. आज ते काम भिंतीवरचे घड्याळ करते. लंबकाचे घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते, अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकतो. सहरीच्या वेळी दोन मिनिटेही मोठी असतात, तेव्हा यामागचे शास्त्र समजून घेऊ या.

लंबक जितका लांब, तितका संथ. एका सेकंदाला एक टोला देणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटरचा असतो. तो १ मिलिमीटरने वाढला, तर घड्याळ दिवसाला ४३ सेकंद मागे पडते. उष्णतेने लोखंडी दांडी वाढते. तापमान १० अंशांनी चढले की दिवसाला सुमारे ५ सेकंद जातात, म्हणजे महिन्याला अडीच मिनिटे!

यावर १९२१ मध्ये विल्यम हॅमिल्टन शॉर्ट या इंग्रज रेल्वे अभियंत्याने सुंदर तोड काढली. त्याने दोन लंबक घेतले. मुख्य लंबक जवळजवळ हवा काढलेल्या नळकांड्यात ठेवला. त्याची दांडी उष्णतेने जेमतेमच वाढणाऱ्या इन्व्हार या मिश्रधातूची होती. काटे फिरवण्याचे काम दुसऱ्या, चाकर लंबकाकडे दिले आणि त्याला मुद्दाम किंचित संथ ठेवले. दर ३० सेकंदांनी मुख्य लंबकाकडून विजेचा इशारा येई आणि चाकराजवळचा विद्युतचुंबक जागा होई. चाकर मागे असेल, तर तो विद्युतचुंबक त्याच्यावरची बारीक स्प्रिंग अडवून त्याला जरासा पुढे रेटे. वेळेवर असेल, तर स्पर्शही करत नसे. या घड्याळाची चूक वर्षाला सुमारे एका सेकंदाची! ग्रिनिचच्या वेधशाळेनेही ती घड्याळे वापरली.

मुलांना वळण लावतानाही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चुकेल तिथे हलका हात लावावा, नीट चालले असेल तर उगीच टोकू नये.

आपल्या घड्याळाला विद्युतचुंबक नसला, तरी लंबकाच्या चकतीखाली नट असतो. घड्याळ मागे पडत असेल, तर नट फिरवून चकती किंचित वर घ्यावी आणि आठवडाभर मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावे. शाबान महिन्यातच हे केले, तर रमजानमध्ये इन्शाअल्लाह घोळ होणार नाही.