विश्लेषण : ऑनलाइन पोकर बंद, विज्ञान शिकलेल्या खेळाडूंच्या हाती काय उरलं?

पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 66 कोकणातून गोव्यात जातो. पैसे लावून पोकर खेळणाऱ्या रायगड-नवी मुंबईतल्या खेळाडूला आता जवळचं कायदेशीर टेबल याच रस्त्याने गाठावं लागतं. ऑनलाइन गेमिंगविषयक नव्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ थांबवले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरकच या कायद्याने पुसून टाकला.

पण पोकरमध्ये विज्ञानाचं काय काम?

एक साधा हिशेब पाहा. पॉटमध्ये 1000 रुपये आहेत आणि समोरच्याने 500 लावले. तुम्हाला 500 भरून 1500 जिंकायचे आहेत, म्हणजे चारपैकी किमान एकदा तरी जिंकायला हवं. तुमच्याकडे बदामाची चार पानं जमली आहेत आणि एकच पान उघडायचं बाकी आहे. न दिसलेल्या 46 पानांत बदामाची 9 आहेत, म्हणजे शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी. पुढे आणखी पैसे मिळण्याची आशा नसेल, तर पानं टाकून द्यायची. बारावीच्या गणिताची ही तयारी टेबलवर काही सेकंदांत करावी लागते.

ब्रिटनच्या लिव्ह बोरी यांनी मँचेस्टर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून 2010 मध्ये सॅन रेमोची युरोपियन पोकर टूर स्पर्धा जिंकली. 2000 ची जागतिक मालिका जिंकणारे ख्रिस फर्ग्युसन यांच्याकडे संगणकशास्त्रातली पीएचडी आहे. मात्र शक्यता काढणं आज कुणीही शिकू शकतं. विज्ञानाची खरी शिस्त वेगळीच आहे, ती म्हणजे निकालावरून निर्णयाची पारख न करणं. चुकीचा डाव खेळून जिंकलेला माणूस स्वतःला हुशार समजतो. प्रयोगशाळेत वावरलेला माणूस आधी किती वेळा मोजलं, हे विचारतो.

किती डाव म्हणजे पुरेसे?

खरी अडचण इथेच आहे. समजा, एखादा चांगला खेळाडू दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतो. (बिग ब्लाइंड म्हणजे डावाआधी सक्तीने भरायची ठरावीक रक्कम.) शंभर डावांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 90 बिग ब्लाइंड धरलं, तर 10 हजार डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 29 टक्के निघते. उलट, कच्चा खेळाडूही तेवढ्याच डावांनंतर फायद्यात दिसू शकतो!

ऑनलाइन एकाच वेळी अनेक टेबलं खेळून हे डाव काही आठवड्यांत पुरे होत आणि प्रत्येक डावाची नोंदही राहत असे. कॅसिनोत तासाला साधारण 30 डाव होतात. दर शनिवारी-रविवारी आठ-आठ तास बसलं, तरी 10 हजार डावांना 21 आठवडे लागतील, तेही पनवेल-गोवा फेऱ्या मारून. विज्ञान शिकलेल्या खेळाडूची सगळी ताकद आकडेवारीत असते आणि बंदीने नेमकी तीच आटवली. ‘नोकरी सोडून पूर्णवेळ पोकर’ हा विचार करणाऱ्याला आपण जिंकणारे आहोत की नाही, हेच आता कळायला वर्षं लागतील.

शिवाय पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर लागतो आणि प्रवास-हॉटेलचा खर्च त्यातून वजा होत नाही.

महाराष्ट्रात टेबल का नाही?

राज्यात 1976 चा कॅसिनो कायदा होता; तो कधीच लागू झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द करण्यात आला. 1887 चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो, पण पोकर त्यात बसतो का, यावर देशातल्या न्यायालयांचंच एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुगार ठरवलं.

नव्या केंद्रीय कायद्यात खेळाडूला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.