आनंदवन असताना घरी काय शिकवायचे?

चंद्रपूर जिल्ह्यात दिव्यांगांचा विषय निघाला की पहिले नाव आनंदवनाचे येते, आणि ते योग्यच आहे. बाबा आमटे यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी वसवलेल्या या गावात पुढे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही निघाल्या. पण त्यावरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो: याच जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले दिव्यांग मूल अशा संस्थेत पाठवावे, नाहीतर दाखला आणि अनुदान मिळवून द्यावे, न शिकलेल्या आईबापांना शिकवून काय साधणार? माझे म्हणणे नेमके उलट आहे. दिव्यांगाचा रोजचा आधार घर आणि गाव हाच असतो, म्हणून शिक्षण आधी तिथे पोचले पाहिजे.

आनंदवन जन्मले ते कुष्ठरुग्णांना घर आणि गाव दोन्ही नाकारत होते म्हणून. ज्या मुलाला आईने नाकारलेले नाही, त्याला केवळ गावात सोय नाही म्हणून घरापासून तोडणे हा त्या कार्याचा वारसा नव्हे. शिवाय काही प्रश्न संस्थेत नेऊन सुटतच नाहीत. 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016च्या कायद्याने ते 21 केले आणि त्यात सिकलसेलही आला. हा आजार या जंगलपट्ट्यात घरोघरी ओळखीचा आहे. पाणी कमी पडले, थंडी लागली किंवा अतिश्रम झाले की त्याच्या वेदना उसळतात. म्हणून ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे आईला माहीत हवे. मुलाला वर्गात पाणी पिऊ द्यायचे, हे गुरुजींना कळायला हवे. रोवणीत मध्येच बसणारा तरुण आळशी नाही, हे गावाला उमजायला हवे. यातले काहीच दाखला शिकवत नाही.

‘हे तज्ज्ञांचे काम आहे’ या आक्षेपाला शेजारच्या गडचिरोलीनेच उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत थोडे शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. गुदमरलेल्या बाळाला वाचवणे जिथे शिकवता आले, तिथे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला आडवे न ठेवता टेकवून बसवून भरवणे किंवा झटका आलेल्याला कुशीवर वळवणे का शिकवता येऊ नये?

‘आधी पोटाचे बघा’ हा आक्षेप मात्र खरा आहे. अनुदान हवेच, आणि ते वेळेवर हवे. पण ते प्रशिक्षणाच्या बदल्यात नको, कारण घास श्वासनलिकेत जाणे पैशाने थांबत नाही. आशाताईंवर आणखी भार टाकू नये, हेही मान्य. म्हणून गावातलीच, गोंडी किंवा तेलुगू घराशी त्याच्या भाषेत बोलणारी स्वतंत्र कार्यकर्ती मानधनावर नेमावी. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के वाटा तिथे हातभार लावू शकतो. कमी पडेल ते शासनाने द्यावे. चंद्रपूरच्या तज्ज्ञांनी तिला शिकवावे, अवघड रुग्ण पुढे पाठवावेत, आणि तेंदूपत्ता व रोवणीचे दिवस सांभाळून घरभेटी ठरवाव्यात. आनंदवनाने नाकारलेल्यांना गाव दिले. कुणाला नाकारायची वेळच येऊ नये, इतके शिकण्याची संधी गोंडपिपरीच्या घरांना मिळाली पाहिजे.