पडद्यावरचा चेहरा आणि न्यायालयातला पुरावा

तारापूरच्या अणुवीज केंद्रावर सशस्त्र पहारा असतो. शेजारच्या बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या वा औषधांच्या कारखान्यांतही फाटकावर नाव लिहिल्यावाचून कोणास आत सोडीत नाहीत. परंतु याच कारखान्यांच्या व्यवस्थापकांची मुंबईतील मालकांशी संगणकाच्या पडद्यावर बैठक भरते, तेव्हा तीत कोण डोकावून गेले याची नोंदवही किती जणांपाशी असते?

हा प्रश्न आजचा नव्हे. टाळेबंदीच्या काळात, 16 एप्रिल 2020 रोजी, केंद्रीय गृहमंत्रालयाने ‘झूम’ हे माध्यम सुरक्षित नसल्याचे जाहीर करून सरकारी कामास त्याचा वापर वर्ज्य ठरविला. बैठकीस परवलीचा शब्द ठेवा, येणाऱ्यास आधी बाहेर थांबवून ओळख पटवा, अशा सूचनाही दिल्या. संभाषण दोन्ही टोकांपर्यंत सांकेतिक लिपीत बंद राहते, हा त्या कंपनीचा तेव्हाचा दावा खरा नव्हता. पुढे सुधारणा झाल्या. पण कुलूप चांगले असून भागत नाही, ते लावावेही लागते.

आता तर चेहराही भरवशाचा राहिलेला नाही. 2024 च्या आरंभी हाँगकाँगमधील एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने दूरदृश्य बैठकीत दिसलेल्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर अन्यत्र वळते केले. त्या बैठकीतले वरिष्ठ यंत्राने घडविलेले होते! बोईसरच्या लेखापालास असा आदेश आला, तर आपल्या जवळच्या क्रमांकावर साहेबांना उलट दूरध्वनी करण्याची मुभा त्यास आहे काय? बहुतेक ठिकाणी तो उद्धटपणा समजला जाईल.

‘डिजिटल अटक’ हा याच कुळातील दरोडा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. तरीही गणवेशातला तोतया पडद्यावर गुरकावतो आणि निवृत्त माणूस भविष्यनिर्वाह निधीची पुंजी त्याच्या हवाली करतो. ज्या गावात अणुकेंद्राच्या व कारखान्यांच्या नोकरीत आयुष्य काढलेली कुटुंबे राहतात, तेथे हे भय अधिकच. फसलेला माणूस मग लाजेने फोनमधील सारे पुसून टाकतो. पैसे गेलेलेच असतात. मागही त्याच्याच हाताने मोडतो.

न्यायालयाची वाट बंद नाही. मुंबईतील एका शल्यचिकित्सकावरील खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष दूरदृश्य पद्धतीने घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच ठरविले. पण चित्रफितीचा पुरावा निराळा. जालन्याच्या निवडणूक खटल्यात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल, 2020) मूळ यंत्र हजर नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, असा निर्वाळा मिळाला. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 अन्वये त्या प्रमाणपत्रात प्रतीची ‘हॅश’ ही गणिती खूणही द्यावी लागते. फितीत एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी ही खूण बदलते. पडद्याचे नुसते छायाचित्र छापून आणणाऱ्या तक्रारदारास हे कोण सांगणार?

संभाषण खरोखरच सांकेतिक असेल तर त्याची फीत कंपनीकडेही मिळत नाही. उरतात त्या नोंदी: कोणत्या खात्यावरून, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता. 28 एप्रिल 2022 च्या ‘सर्ट-इन’च्या आदेशाने कंपन्यांनी अशा नोंदी 180 दिवस जपावयाच्या असून घुसखोरी 6 तासांत कळवावयाची आहे. तारापूरचे कारखानेही त्यास अपवाद नाहीत. सामान्य माणसास 1930 हा क्रमांक आहे, आणि पहिल्या काही तासांतच त्याचा उपयोग.

फोन जमा केला की तो महिनोन्‌महिने परत मिळणार नाही, हे भय मात्र तक्रार करू पाहणाऱ्यास मागे ओढते. पालघर जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यांत फोनची खूणबद्ध प्रत तेथल्या तेथे काढून यंत्र मालकास परत देण्याची सोय झाली, तर बोईसरचा वृद्ध तक्रारदार पुसून टाकण्यापूर्वी ठाण्याची पायरी चढेल. त्यासाठी लागणारी यंत्रे व दोन-तीन प्रशिक्षित माणसे जिल्ह्यास आवाक्याबाहेरची नाहीत.