निद्रा आणि विद्याभ्यास

सकाळच्या पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी ठरविणें फार सोपें असतें. परंतु त्याच्या रात्रीचा हिशेब मांडून पाहिला, तर दोष मुलाचा किती व वडील माणसांचा किती, हें ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं.

शाळा सात वाजतां भरत असेल, तर हडपसर किंवा वारजे यांसारख्या दूरच्या भागांतून येणाऱ्या मुलास साडेपांचला उठावें लागतें. अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या अकादमीनें २०१६ सालीं सांगितलेलें प्रमाण असें आहे, कीं ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास व १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी. म्हणजे दहा वर्षांच्या मुलानें रात्रीं साडेआठलाच निजावयास पाहिजे! त्या वेळीं शहरांतील कित्येक घरांत वडील नुकतेच कामावरून परतलेले असतात आणि जेवणेंही व्हावयाचीं असतात. ही तूट रोज सांचत जाते. दिवसां शिकलेलें झोपेंतच मनांत पक्कें होतें. म्हणून झोप तोडून केलेला अभ्यास हा भोंक पडलेल्या घागरींत भरलेल्या पाण्यासारखा होय.

तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें या गोष्टीकडे लक्ष वेधलें. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्यें शालेय शिक्षण विभागानें पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ च्या आधीं भरवूं नयेत, असें परिपत्रक काढलें. एकाच इमारतींत दोन सत्रें चालविणाऱ्या शाळांची व मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनचालकांची अडचण खरी आहे. तथापि परिपत्रकाचा हेतु स्तुत्य आहे, असेंच आम्ही म्हणूं.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं हा विचार चौथीशीं थांबूं नये. वयांत येणाऱ्या मुलांच्या शरीरांत निद्रा आणणारा स्राव रात्रीं उशिरा सुरू होतो. त्यांना लवकर झोप न येणें हा सर्वस्वी हट्ट नव्हे. घंटा पुढें नेली तर मुलें अधिकच जागतील, अशी शंका घेतली जाते. सिअ‍ॅटल शहरानें २०१६ सालीं माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हां तेथील दोन शाळांत तपासणी केली असतां विद्यार्थ्यांची झोप सुमारें ३४ मिनिटांनीं वाढलेली आढळली. आपल्याकडे वेळ लगेच बदलतां येत नसेल, तर निदान पहिल्या तासाला चाचणी किंवा गणित ठेवूं नये, एवढें कोणत्याही शाळेस करतां येईल.

परंतु सुज्ञ पालकहो, एकटी शाळा काय करणार? लवकर निजण्याची व लवकर उठण्याची म्हण आपण मुलांस ऐकवितों; पण तिचा उत्तरार्ध तेवढा त्यांच्याकडून पाळवून घेतों आणि पूर्वार्ध घरांतील दूरदर्शन व मोबाइल यांच्या स्वाधीन करितों. रात्रीं ठरल्या वेळीं दिवा मालवावा, मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा आणि हा नियम प्रथम वडील माणसांनीं पाळावा. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणाचें कौतुक तर मुळींच करूं नये. मुलास पुस्तकें व गणवेश पुरविणें हें जसें आपलें कर्तव्य, तशीच त्याची झोप राखणें हेंही आपलेंच कर्तव्य होय.