वनमानुषांची शिरगणती

सरकारी खानेसुमारीचा आंकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, अशी आमच्या सुशिक्षित वर्गांत एक भाबडी समजूत आहे. इंडोनेशियांतील ओरँगउटानांची गणती हा या समजुतीवर जालीम उतारा ठरावा. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत या वनमानुषांची संख्या शेंकडा १० हून अधिक वाढली, असें तेथील सरकारनें २०१८ च्या अहवालांत जाहीर केलें. आतां ओरँगउटानाच्या मादीला एका खेपेस बहुधा एकच पिलूं होतें, आणि पुढचें होण्यास ७ ते ९ वर्षें जातात. मग ही वाढ झाली कोठें? जंगलांत कीं दप्तरांत?

शिरगणती हा शब्दच येथें फसवा आहे. दाट झाडींत उंच फांद्यांवर बहुधा एकटा वावरणारा हा प्राणी क्वचितच दृष्टीस पडतो; म्हणून मोजतात तीं त्याचीं घरटीं. रोज सायंकाळीं फांद्या मोडून-वांकवून तो निजण्यापुरतें घरटें करतो. पाहणी करणारे जंगलांतून सरळ रेषेंत चालतात, दिसतील तीं घरटीं टिपतात, त्यांचें रेषेपासूनचें अंतर मोजतात. आणि एक प्राणी दिवसास किती घरटीं करतो व एक घरटें किती दिवस टिकतें, या अंदाजांनीं भागाकार करून संख्या काढतात. एका रानांत घरटें कांहीं महिन्यांतच विरतें, दुसऱ्यांत वर्षाहून अधिक टिकतें. म्हणजे घरट्याचें आयुष्य कागदावर निम्में केलें कीं वनमानुष दुप्पट! इतकी सोपी पैदास ब्रह्मदेवालाही साधली नसेल.

याचा अर्थ गणतीच टाकाऊ, असा कोणी करूं नये. सुमात्रांतील अंदाज २०१६ मध्यें सुमारें ६,६०० वरून १४,६०० वर गेला. परंतु पूर्वीं न पाहिलेल्या उंच डोंगरांत व लांकूडतोड झालेल्या रानांतही प्राणी सांपडल्यामुळें आंकडा वाढला, प्राणी वाढले नाहींत, हें संशोधकांनींच सांगून टाकलें. उलट, १९९९ ते २०१५ या काळांत बोर्निओंत लाखाहून अधिक ओरँगउटान नाहींसे झाले, असें संशोधन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें असतां सरकारनें वाढीचा नगारा पिटावा, आणि २०२२ मध्यें संख्या घटत असल्याचें लिहिणाऱ्या पांच परदेशी शास्त्रज्ञांना संरक्षित वनांत संशोधनास मज्जाव करावा, याला काय म्हणावें? परकीयांच्या उपदेशाचा वीट आम्हांसही आहे. पण भागाकाराला राष्ट्रीयत्व नसतें.

दूरदेशींच्या माकडांशीं आमचें काय देणें, असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच स्वयंपाकघरांत डोकवावें. जगांत सर्वांत अधिक पामतेल आयात करणारा देश आपला, आणि तें येतें मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून. त्याच्या मळ्यांसाठीं किती रानें तुटलीं हें फरसाणाच्या पुड्यावर छापलेलें नसतें.

२०१७ मध्यें स्वतंत्र जात म्हणून ओळखला गेलेला तापानुली ओरँगउटान तर ८०० हूनही कमी उरला आहे, आणि त्याच्याच बातांग तोरू जंगलांत जलविद्युत्प्रकल्पाचें काम काढण्यांत आलें. उद्यां तेथूनही वाढीची वार्ता आली, तर ती छापण्यापूर्वीं आमच्या संपादकांनीं एवढें विचारावें: पाहणीवाले किती मैल चालले, घरटीं किती दिसलीं, आणि एक घरटें किती दिवस टिकतें असें धरलें?