हापसा दिला, पण वायसर कोण देणार?

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात परदेशातल्या धर्मादाय संस्थेने बोअर पाडून हापसा बसवला, की त्याचा फोटो जगभर फिरतो. पाण्याची पहिली धार, टाळ्या वाजवणारी पोरं आणि शेजारी देणगीदाराच्या नावाची पाटी. काम चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. डबक्यातलं गढूळ पाणी पिणाऱ्या गावाला स्वच्छ पाणी मिळालं तर हगवण कमी होते, बायाबापड्यांची पायपीट वाचते. पण या कामाचा हिशेब उद्घाटनाच्या दिवशी मांडू नये, पाचव्या वर्षी मांडावा. तेव्हा हापशाला पाणी येतंय का, एवढंच विचारावं.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. युगांडा, घाना, माली अशा अनेक देशांत गावोगाव जो 'इंडिया मार्क टू' हातपंप दिसतो, त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. पूर्वीचे बिडाचे पंप गावच्या वापराने सारखे मोडायचे. तेव्हा जालना आणि सोलापूर भागात पाण्याचं काम करणाऱ्या मिशनरी मंडळींनी मजबूत पोलादी पंप तयार केले. त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा एक कारखाना यांनी मिळून मार्क टू घडवला. त्याच्या आराखड्यावर कुणाची मक्तेदारी ठेवली नाही, म्हणून तो स्वस्तात जगभर गेला.

पंप गेला, पण त्याच्यामागे मिस्त्री आणि सुटे भाग तितक्या वेगाने गेले नाहीत. २००९ च्या सुमाराचा तज्ज्ञांचा अंदाज होता, की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत तीन हातपंपांपैकी एक बंद आहे. पुढच्या काळातल्या अभ्यासातही चारातला एक बंद असल्याचं दिसलं.

बिघाड छोटा, खोळंबा मोठा

कारण काय? आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. पिस्टनचे वायसर झिजतात. वस्तू किरकोळ, पण मार्क टू मध्ये ते बदलायचे तर सगळे पाईप आणि रॉड वर ओढावे लागतात. त्याला तिपाई, पाने, चार माणसं आणि माहितगार मिस्त्री लागतो. काही भागांत जमिनीतलं पाणीच आम्लधर्मी आहे. तिथे जी.आय. पाईप आतून गंजतात, पाणी तांबडं येतं आणि बाया पुन्हा डबक्याकडे वळतात. युगांडा सरकारने २०१६ मध्ये असे पाईप वापरण्यावर बंदी आणली. माती न तपासता खत टाकावं, तसाच पाणी न तपासता पाईप सोडण्याचा हा प्रकार.

काही देणगीदारांना तर साधा हापसा नकोच असतो, नवलाई हवी असते. 'प्लेपंप'चंच बघा. पोरांनी चक्रावर बसून फिरायचं, त्या जोरावर पाणी टाकीत चढायचं. २००६ साली अमेरिकेत मोठा गाजावाजा होऊन कोट्यवधी डॉलर जमले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. एकेक पंप सुमारे १४,००० डॉलरचा. पण पोरं दिवसभर खेळतात थोडीच? शेवटी बायांनाच ते चक्र हाताने फिरवावं लागलं. मोडलं तर गावात दुरुस्ती होईना. काही ठिकाणी तर चालू हापसा काढून हे चक्र बसवलं होतं! दोन-चार वर्षांतच ती मोहीम गुंडाळावी लागली.

समिती नेमून भागत नाही

यावर ठरलेलं उत्तर असं, की गावाची पाणी समिती करा, वर्गणी काढा, गाव सांभाळील. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या गावाला सुट्या भागाचं दुकान एक दिवसाच्या वाटेवर आहे, तिथली समिती काय करणार? जबाबदारी गावाच्या गळ्यात घालून देणगीदार मोकळा, असं त्याचं रूप होतं. गावाने पैसे द्यावेत हे बरोबर. पण वेळेवर मिस्त्री येतोय हे दिसल्याशिवाय कोण देईल?

चांगली उदाहरणंही आहेत. मलावी आणि केनियात १९८० च्या दशकात 'आफ्रिदेव' पंप तयार झाला. त्यात पाईप न काढता पिस्टन बाहेर येतो, आणि एका पान्यावर गावातल्या बायाही दुरुस्ती करू शकतात. केनियात किटुई भागात २०१३ च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी हापशाच्या दांड्यात संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. पंप थांबला की खबर लागते आणि मिस्त्री निघतो. आधी दुरुस्तीला जवळपास महिना लागायचा, तो तीन दिवसांच्या आत आला. सेवा वेळेवर मिळते म्हटल्यावर लोक जादा पैसे द्यायलाही तयार झाले. पुढे यातूनच 'फुंडीफिक्स' ही दुरुस्ती सेवा उभी राहिली. फुंडी म्हणजे स्वाहिली भाषेत कारागीर. गावाची वर्गणी आणि वर देणगीचा हातभार, अशी तिची घडी आहे. धर्मादाय पैसा खरा इथे लागला पाहिजे.

आपल्याकडचा एखादा क्लब किंवा परदेशात नोकरीला असलेलं गावचं पोरगं अशा संस्थांना देणगी देतं. त्यांनी जरूर द्यावी. पण आधी तीन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपांपैकी आज चालू किती? सर्वांत जवळचा मिस्त्री आणि सुट्या भागाचं दुकान किती लांब? आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसा ठेवलाय का? सरळ उत्तर मिळालं तर पावती फाडावी. मिळालं नाही, तर दुसरी संस्था शोधावी. आणि पाटी लावायचीच असेल, तर त्यावर देणगीदाराच्या नावाआधी मिस्त्रीचं नाव लिहायला सांगावं.