वजनकाट्याशेजारी ईसीजीचं टेबल
कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या ल्यों इथे भर सामन्यात कोसळला, तेव्हा त्याच्याजवळ एकही खेळाडू नव्हता. वय अवघं २८. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाडावलेला निघाला. अशी जाडी बरगड्यांच्या फटीत सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की बहुधा पडद्यावर दिसते, आणि तो प्रोब आता क्रीडावैद्याच्या खिशात मावतो. पोरगं डाव्या कुशीवर निजतं, छातीला गार जेल लागतं, आणि डॉक्टर डाव्या कप्प्याची भिंत मोजतात. साधारण १२ मिलिमीटरपर्यंत ठीक. १५ झाली की शंका दाट. खरी कसोटी मधल्या आकड्यांची, कारण वर्षानुवर्षं वल्हं मारणाऱ्या निरोगी रोइंगपटूचं हृदयही तेवढं जाड होऊ शकतं. तिथे घाईने ‘खेळ बंद’ म्हणणं हा त्या पोरावर अन्यायच. पुढचा इको म्हणजे हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, एमआरआय, घराण्यातल्या अकाली मृत्यूंची चौकशी, हे सगळं व्हायलाच हवं. शिवाय हृदयाच्या विद्युतवहनातले दोष सोनोग्राफीच्या चित्रात दिसत नाहीत, म्हणून ईसीजीला पर्याय नाही. इटलीने स्पर्धक खेळाडूंची वैद्यकीय तपासणी १९८२ पासून सक्तीची केली. ईसीजी तिचाच भाग. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी फिरत्या सोनोग्राफी यंत्रांवर कडक बंधनं आहेत, आणि ती सैल करा असं मी कदापि म्हणणार नाही. पण ईसीजीला कोणाची आडकाठी आहे? कबड्डीच्या निवडचाचणीत आपण पोरांचं वजन काटेकोर पाहतो. त्याच रांगेत ईसीजीचं टेबल याच मोसमापासून लागलं पाहिजे.